न वाचण्याची नोकरी

आमच्या ऑफिसात नक्की काय चालतं ते मला विचारू नका. एक तर सांगायला बंदी आहे, आणि दुसरं म्हणजे मला ठाऊक नाही. शहराच्या दक्षिण टोकाला, समुद्राला लागून लष्कराचा तळ आहे. त्या तळात एक पिवळट तीनमजली इमारत आहे आणि त्या इमारतीत हेरखात्याचं मुख्यालय. अठ्ठावीस वर्षं मी तिथं कारकुनी करतोय. इमारतीवर नावाची पाटी नाही, नुसता सात आकडा. सगळं कसं गुप्त. फक्त आमच्या बसचा कंडक्टर रोज सकाळी गेटपाशी ओरडतो, "चला, जासूसवाले उतरा!" आणि आम्ही पाच-सहा जण डबे सांभाळत, माना खाली घालून उतरतो.

मी हितेंद्र परब. घर लालबागला, गाव मालवणाकडे, हुद्दा ऑफिस सुपरिटेंडंट. खुर्च्या, पंखे, रजा, पेन्शन, झाडू आणि फिनेल ही माझी गुपितं. खरी गुपितं वर्दीवाल्यांकडे. ती जुनी झाली की कागद यंत्रात घालून बारीक चिरतात, यंत्रात न मावणाऱ्या लहानसहान चिठ्ठ्या तशाच काळ्या पिशवीत टाकतात, आणि सगळं मागच्या अंगणातल्या भट्टीत जाळतात. जाळताना एक अधिकारी समोर उभा असतो. राख लोखंडी सळईनं ढवळायची, नखाएवढा तुकडासुद्धा उरता कामा नये, मगच तो सही करतो. ही राख गेली बावीस वर्षं जाईबाई तांबे ढवळतात.

जाईबाई वरळीच्या बीडीडी चाळीतल्या. ठेंगण्या, काटक, चालणं भराभर आणि बोलणं तोलून मापून. त्यांचे यजमान बुधाजी आमच्याच स्टोअरमध्ये मजूर होते. शांत माणूस. दुपारच्या सुट्टीत सगळे पत्ते कुटायचे तेव्हा हा पेपर वाचत बसायचा, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. एका सकाळी छातीत कळ आली आणि गेला. घरात नऊ वर्षांचा अभय, सहा वर्षांची अक्षता. जाईबाईंना अनुकंपा तत्त्वावर घेतलं. अर्जावर त्यांनी अंगठा उठवला. तेव्हाचे सुपरिटेंडंट रिटायरमेंटला टेकलेले होते. त्यांनी तो अंगठा पाहिला आणि म्हणाले, "वाचता येत नाही? मग भट्टीवरच ठेवा, बरंच झालं." त्यांचं बोलणं तिथंच संपलं. पुढचं सगळं पाप माझं.

मी तेव्हा तिशीतला कारकून, हेरखात्यात आहे म्हणून गल्लीत भाव खाणारा. जाईबाईंना भट्टीवर घेऊन गेलो, काम समजावलं. नुसतं काम समजावून माझं समाधान होईना. आवाज खाली करून म्हटलं, "एक ध्यानात ठेवा. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून ही नोकरी मिळालीय. ज्या दिवशी अक्षर शिकाल त्या दिवशी घरी. पेन्शन-बिन्शन काही नाही." आणि हसलो. त्या हसल्या नाहीत. नवऱ्याला जाऊन सहा महिने झालेली बाई, कशाला हसेल?

पंधरा दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "परबभाऊ, आकडे चालतील का?"

"कसले आकडे?"

"बसचे नंबर बघावे लागतात. दर वेळी कुणाला विचारू? नुसते आकडे शिकले तर चालेल ना?"

खरं तर त्याच क्षणी माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी तोंड गंभीर करून म्हटलं, "आकड्यांना परवानगी आहे." दुपारी कॅन्टीनमध्ये हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे पोट धरून हसले, आणि मी तो विसरून गेलो.

जाईबाई विसरल्या नाहीत. मला हे यंदाच्या ऑगस्टमध्ये कळलं. खुणा मात्र बावीस वर्षं डोळ्यांसमोर होत्या. आमच्या गेटच्या आत एक फळा आहे. सरकारी शिरस्त्याप्रमाणे त्यावर रोज एक हिंदी शब्द लिहायचा असतो, 'आज का शब्द' म्हणून. लिहिणं माझ्याकडे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुसणं जाईबाईंकडे. त्या तोंड समुद्राकडे करून पुसायच्या. हात फळ्यावर, नजर बोटींवर. मला वाटायचं, वारा खाताहेत. वडापाव पेपरात बांधून आला की वडापाव ताटलीत काढून पेपर पहिला चुरगळायच्या. मला वाटायचं, टापटिपीची बाई आहे. माणसाला जे बघायचंच नसतं त्याला कारणं लगेच सापडतात.

तर ऑगस्ट. पुरता घामाघूम होऊन मी खोलीत बसलो होतो, कारण माझ्या डोक्यावरचा पंखा तीन महिने बंद होता. दुरुस्तीसाठी मी वरच्या मजल्यावर चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवत होतो. त्यांचं काय होत होतं देव जाणे. जाईबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

"साहेब, राजीनामा दिला तर पेन्शन मिळते का?"

"राजीनामा? अहो, डिसेंबरअखेर रिटायर होताय तुम्ही. चार महिने राहिलेत."

"मिळते का तेवढं सांगा."

"नाही मिळत. राजीनामा म्हणजे केलेली सगळी नोकरी पाण्यात."

त्यांनी मान हलवली. "आणि काढून टाकलं तर?"

"तरीही तेच. पण तुम्हाला कोण काढतंय?"

जाईबाईंनी मागे वळून दार लावलं. आमच्याकडे दार लावून बोलायची पद्धत फक्त वर्दीवाल्यांची. माझ्यासमोर येऊन त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, मला वाचता यायला लागलंय."

"अरे वा!" मी म्हणालो. "पेढे कुठायत?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझं हसू तिथंच विरलं. मग त्या बसल्या आणि उभ्या जन्मात माझ्याशी बोलल्या नव्हत्या तेवढं बोलल्या.

त्यांच्या चाळीच्या तळमजल्यावर बुद्धविहार आहे. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, तिथं रोज संध्याकाळी बाबासाहेबांचा धम्मग्रंथ वाचतात. दररोज एका घराचा नंबर. त्या घरातल्या माणसानं पुढं बसून त्या दिवसाची पानं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. बुधाजी होते तोवर तांबेंच्या घराचा नंबर आला की ते वाचायचे. नंतर अभय, मग अक्षता, आता सून दीपिका. कधी मुलं घरात नसली आणि कुणी म्हटलं, "जाईबाई, आज तुम्हीच बसा," तर जाईबाई म्हणायच्या, "चष्मा विसरले."

"आमच्यात शिक्षणाला किती मान, तुम्हाला माहीताय साहेब. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून मला वाचता येत नाही म्हणायला जीभच उचलत नव्हती. म्हणून चष्मा विसरायची. वीस वर्षं."

चाळी पाडून टॉवर होतायत, त्यामुळे यंदा ही चाळ रिकामी व्हायचीय. पुढच्या वर्षी कोण टॉवरच्या कुठल्या मजल्यावर असेल, कुणाला पत्ता नाही. म्हणून विहारात ठरलं, या जागेतला हा शेवटचा वर्षावास, तेव्हा प्रत्येक घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानंच वाचायचं. जानेवारीत दीपिका सामान आवरत होती तेव्हा माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक दगडी पाटी सापडली. तिनं विचारलं, ही कुणाची?

"माझी," जाईबाई मला म्हणाल्या. "आमचे हे शिकवत होते मला. 'अ'पासून 'ऊ'पर्यंत आले होते. मग हे गेले. नोकरी लागली त्या दिवशी ती मी वर टाकली."

सुनेनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आई, ऑफिसला कोण सांगायला जातंय? उद्यापासून बसायचं. सासूला ग म भ न शिकवणारी सून भेटायला नशीब लागतं. मसाल्याच्या पाकिटांवरून, सिलिंडरच्या पावतीवरून, अभयच्या जुन्या वह्यांवरून जाईबाई शिकल्या. सात महिन्यांत वाचू लागल्या. विहाराच्या भिंतीवर नंबरांची यादी लागली तेव्हा त्यात आपलं नाव त्यांनी स्वतः शोधलं. चौदा सप्टेंबर, रविवार.

"तिथं गौतम असणार. आपल्या मोटार विभागातला. आमच्याच चाळीत राहतो. रविवारी ऐकेल, सोमवारी इथं बोभाटा. आणि नुसतं तेवढंच नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं. "परवा राखेत एक तुकडा राहिला होता. सळई घालायच्या आधी नजर गेली. वाचलं गेलं साहेब. चार शब्द."

"काय होतं?"

"ते मी तुम्हाला कसं सांगू? गुप्त आहे ना!"

मला ते मान्य करावं लागलं. त्या म्हणाल्या, "आधी डोळे फिरवता यायचे. आता नाही जमत. दुकानाची पाटी असो, बसवरची जाहिरात असो, दिसलं की वाचलंच जातं. अशा माणसानं भट्टीवर उभं राहणं म्हणजे लबाडी झाली. म्हटलं, पकडून काढण्यापेक्षा आपणच सांगावं. पण पेन्शन गेली तर टॉवरचा मेंटेनन्स कसा भरायचा हो? अभयच्या एकट्याच्या पगारात नाही भागायचं."

"पण वाचायचं नाही असं तुम्हाला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"तुम्हीच की," त्या साधेपणानं म्हणाल्या. "पहिल्या दिवशी. भट्टीपाशी."

आता खरं तर मी जागच्या जागी कान पकडायला हवे होते. पण मी सरकारी नोकर. म्हणालो, "फाईल बघून सांगतो. तोवर काही लिहून देऊ नका." त्यांनी हात जोडले आणि दार उघडून गेल्या. मी खूप वेळ त्या बंद पंख्याकडे बघत बसलो.

घरी सुचित्राला सांगितलं. बायको माझी वेंगुर्ल्याची. एरवी मराठी नीट बोलते, पण चिडली की गावची भाषा येते. तिनं पानात वाढलेली सुकट अर्ध्यावर थांबवली.

"म्हणजे तुमच्या मस्करीक त्या बायची बावीस वर्सां गेली, आणि तुमी हय बसान जेवतास?"

"मला काय माहीत ती खरं मानेल म्हणून?"

"तिना आकडे विचारल्यान तेव्हा म्हायत नव्हता?"

"आधी फाईल बघतो," मी म्हणालो.

"फाईल कसली बघतास? जावा आणि सांगा तिका."

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवर गेलो. अधिकारी अजून यायचा होता. जाईबाई पदर खोचून कालची थंड राख पत्र्याच्या डब्यात भरत होत्या.

"जाईबाई, तो नियम नाहीय."

"कुठला?"

"न वाचण्याचा. नाहीच. कधी नव्हता. तुमच्या रजेत भट्टीवर येतो तो राजेश बी.कॉम. आहे."

"राजेशला वाचता येतं?" त्यांनी असं विचारलं, की जणू त्याच्या जिवाची काळजी वाटली.

"येतं. मी तेव्हा मस्करी केली होती. तुमची नोकरी जात नाही, पेन्शन जात नाही. माझं चुकलं."

मला वाटलं होतं, बाई सुटकेचा श्वास टाकेल. फार तर चार शब्द सुनावेल. जाईबाई हातातलं फावडं टेकवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी आकडे विचारायला आले होते. तेव्हा का नाही हो सांगितलं?"

मला कॅन्टीनमधलं ते हसणं आठवलं.

"चाळीत साक्षरतेचा वर्ग निघाला होता. बाया घरी बोलवायला आल्या. मी दार लावून घेतलं. अभय दहावीला पास झाला, पेपरात नाव आलं, सगळ्यांनी बघितलं, मी नाही बघितलं. अक्षताच्या लग्नाची पहिली पत्रिका मी विहारात ठेवली. उलटी ठेवली होती. शेजारच्या चंपानं सरळ केली." त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "आमचे हे असते तर पाच-सहा महिन्यांत शिकले असते मी. मला वाटायचं, मुलांच्या तोंडात घास जातोय तो या न वाचण्यानं जातोय. म्हणून निभावलं. मस्करी!"

मग त्यांनी फावडं उचललं आणि कामाला लागल्या. मी परत आलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यानंतर दोन-अडीच आठवडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. काम चोख, नमस्कार नाही. बसमध्ये पुढची सीट धरायच्या आणि खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत यायच्या. ओठ हलायचे. फळा मात्र आता समोर तोंड करून पुसायला लागल्या होत्या. आधी शब्द वाचायचा, मग पुसायचा.

ते बघून मला एक कल्पना सुचली. एरवी मी फळ्यावर 'प्रतिनियुक्ति', 'अनुमोदन', 'यथास्थिति' असले शब्द लिहायचो. त्या दिवशी लिहिलं, 'क्षमा'. दुसऱ्या दिवशी जाईबाईंनी वाचलं आणि पुसलं. मग लिहिलं, 'भूल'. पुसलं. 'पश्चात्ताप' लिहिलं, त्याला जरा वेळ लागला, पण तेही पुसलं. आठवडाभर हे चाललं. शेवटी आमचे कमांडरसाहेबच फळ्यापाशी थांबले. "परब, घर में सब ठीक है?" मी म्हणालो, ठीक आहे साहेब. त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. संशय घेणं हा त्यांचा धंदाच आहे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाईबाई खोलीत आल्या. या वेळी दार लावलं नाही आणि न सांगता बसल्या.

"फळ्यावर लिहून काय होत नाही, साहेब."

"मग काय करू सांगा."

"रविवारी विहारात यायचं. वहिनींना घेऊन. माझं पान वाचून झालं की पुढचं पान तुम्ही वाचायचं."

"मी? अहो, मी तुमच्यातला नाही..."

"ग्रंथ ऐकायला आणि वाचायला कुणाला बंदी नसते. बंदी इथं असते. ती पण नसते, असं कळलं आता." त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. "आणि तो तुकडा. 'पंखा अभी तक बंद' एवढंच होतं. ती अक्षरं डोळ्यांसमोरच होती, फळ्यावरच्याशी जुळवून बघितली. तुमचंच आहे. तुमच्या चिठ्ठ्या वाचायच्या आधीच भट्टीत येतायत, काहीतरी करा."

मी डोक्यावरच्या पंख्याकडे बघितलं आणि मला हसू फुटलं. त्यांनाही थोडंसं फुटलं असावं, कारण त्या घाईनं तोंड फिरवून गेल्या.

रविवारी संध्याकाळी सुचित्रा आणि मी वरळीला गेलो. चाळीचे निम्मे दरवाजे कुलपात होते. जिन्याखाली दोरीनं बांधलेले पलंग आणि पिंपं रचलेली, आणि मागे नवे टॉवर दिवे लावून उभे. विहार म्हणजे दोन खोल्यांची एक केलेली लांबट जागा. समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, शेवंतीची फुलं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. अभय आणि अक्षता पहिल्या रांगेत. दीपिकानं आम्हाला त्यांच्या शेजारीच बसवलं. मागे गौतम होता. त्यानं मला पाहिलं आणि तो चाटच पडला.

वंदना झाली. त्रिशरण, पंचशील झालं. जाईबाई पुढं जाऊन बसल्या. समोर चौरंगावर ग्रंथ, त्यावर पांढरं वस्त्र. त्यांनी ते बाजूला केलं नाही. आधी सगळ्यांकडे बघितलं.

"वीस वर्षं मी इथं चष्मा विसरले म्हणून सांगत आले," त्या म्हणाल्या. "चष्मा मला गेल्या महिन्यापर्यंत नव्हताच."

कुणीतरी हसलं.

"मला वाचता येत नव्हतं. खोटं बोलले, माफ करा."

"अगं पण का नाही सांगितलंस?" चंपाबाई मागून म्हणाल्या. त्यांची जुनी शेजारीण. "आम्ही शिकवलं नसतं?"

जाईबाईंनी माझ्याकडे बघितलं. आता सगळी चाळ माझ्याकडे बघणार आणि बघायलाच हवी, असं मनाशी धरून मी बसलो.

"ते नाही सांगता येणार," जाईबाई म्हणाल्या. "ऑफिसचं आहे. गुप्त आहे."

सगळे हसले. सुचित्रानं पदर डोळ्यांना लावला. जाईबाईंनी वस्त्र बाजूला केलं, खुणेची दोरी उचलली, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली.

हळू वाचलं. फार हळू. पहिल्या ओळीला बहुतेक मिनिट लागलं असेल. एका जोडाक्षराशी अडल्या, मागून कुणी शब्द पुरवायला लागलं, तर दीपिकानं मागे न बघता हात वर केला. सगळे थांबले. जाईबाईंनी तो शब्द तीनदा मनातल्या मनात लावला आणि मग मोठ्यानं म्हटला. दुसऱ्या परिच्छेदापासून आवाज मोकळा झाला. भट्टीसमोर सळई चालवताना त्यांचा हात चालतो तसंच ते बोट चालत होतं, काही सुटू न देता. अभय खाली मान घालून बसला होता आणि अक्षतानं त्याचा हात धरला होता. एरवी तीन मिनिटांत होणाऱ्या पानाला पाऊण तास लागला असता तरी तिथून कुणी उठलं नसतं. खरं तर बारा मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं होतं. पान संपलं. सगळ्यांनी मिळून "साधु, साधु, साधु" म्हटलं. जाईबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"पुढचं पान आमचे परबसाहेब वाचतील," त्या म्हणाल्या. "माझ्या ऑफिसातले. नोकरी लागली तेव्हापासून ओळखतात मला."

मी उठलो. पुढं जाऊन त्यांच्या शेजारी मांडी घातली. अठ्ठावीस वर्षं वाचायचाच पगार घेतोय. मराठी, हिंदी, इंग्रजी, हवं ते द्या. ग्रंथ माझ्याकडे सरकवला गेला. मी पानाकडे बघितलं आणि मला एक अक्षर दिसेना. सगळं पाण्यात गेल्यासारखं हलत होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. खोलीभर माणसं वाट बघत होती, जशी मघाशी त्यांच्यासाठी थांबली होती तशीच, आणि कुणीही मला घाई केली नाही.

जाईबाई जरा वाकल्या. "चष्मा विसरलात?" त्यांनी हळूच विचारलं.

चष्मा माझ्या नाकावरच होता.

मग त्यांनी आपलं बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि पहिला शब्द मला वाचून दाखवला.